चाळीस मिनिटं

डॉक्टरांच्या तोंडून 'केटामिन' हा शब्द आला आणि माझ्याआधी बायकोच दचकली. तिचा भाऊ जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. कुत्र्याचं ऑपरेशन करताना देतात ते औषध, एवढीच तिला त्याची ओळख. "ते माणसाला चालतं व्हय?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालतं, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ चालत आलंय. १९६२ साली ते अमेरिकेत तयार झालं, १९७० मध्ये तिथं भुलीचं औषध म्हणून मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. श्वास फारसा न दाबता भूल देतं, म्हणून अपघातात, युद्धात, जिथं यंत्रं नाहीत अशा ठिकाणी त्याचा मोठा आधार. नैराश्यासाठी वापरायचं तर मात्र ते 'ऑफ लेबल' ठरतं. म्हणजे औषध कायदेशीर, पण हा वापर बाटलीवर लिहिलेला नाही. तो डॉक्टरांच्या जबाबदारीवर आणि तुमच्या लेखी संमतीनं.

हे २०२३ च्या नोव्हेंबरमधलं. माझं सुरू झालं होतं त्याच्या चार वर्षं आधी.

आमचं गाव प्रयाग चिखली. कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे दोन आकडे पाठ असतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. मी राजारामपुरीत राहतो, पण आण्णांना आणायला म्हणून गावात गेलो आणि तिथंच अडकलो. बोट आली तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. गोठ्यात चार म्हशी होत्या. आण्णा म्हणाले, दावी सोडून येतो, दोन मिनिटं थांब. मी थांबलो नाही. वडलांना दंडाला धरून ओढत बोटीत बसवलं. दावी तशीच राहिली. आण्णा त्याबद्दल मला पुढं एक अक्षर बोलले नाहीत. घर पडलं होतं, म्हणून ते आमच्याकडंच राहिले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये झोपेत गेले. पूर ओसरल्यावर चुलतभावानं फोनवर सांगितलं होतं, "गोठा साफ केलाय." मी पुढं काही विचारलं नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, आणि त्या पाण्यात आमचं काहीही गेलेलं नसताना मी खचलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता हात थांबायचा आणि पोरं एकमेकांकडं बघायची. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. आधी एस्सिटॅलोप्रॅम झालं, मग व्हेनलाफॅक्सिन, त्याच्या जोडीला मिर्टाझापाइन, शेवटी लिथियम. प्रत्येक औषध पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेतलं. या औषधांनी माझ्या ओळखीतली दोन माणसं उभी राहिलेली मी बघितली आहेत, त्यामुळं त्यांना मी नावं ठेवणार नाही. माझ्यावर ती चालली नाहीत. एका रात्री माझं बोलणं ऐकून बायकोनं १४४१६ वर, टेली मानस या सरकारी मदतवाहिनीला, फोन लावला आणि पलीकडच्या बाईंनी पाऊण तास तिला धीर दिला. त्या पाऊण तासाचं ऋण माझ्यावर आहे.

दोन योग्य औषधं नीट घेऊनही फरक पडला नाही, तर त्याला 'उपचारांना दाद न देणारं नैराश्य' म्हणतात. डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या. एक ईसीटी, म्हणजे ज्याला आपल्याकडं सरसकट 'शॉक' म्हणतात. ती आता भूल देऊन करतात आणि सर्वांत जास्त भरवशाची तीच आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसरी वाट केटामिनची. मी म्हटलं, आधी दुसरी बघू.

त्याच आठवड्यात पुण्याचा भाचा घरी आला. त्याला सगळं कळलं होतं. जेवण झाल्यावर गच्चीत नेऊन म्हणाला, "मामा, केटामिन म्हणजे नुसती गुंगी. मुळापर्यंत जातं ते मशरूम. मी बघतो, कोडाईकनालहून येतात." भास घडवणाऱ्या अळंबीबद्दल तो बोलत होता. त्याचा हेतू चांगला होता. मामा बरा व्हावा एवढंच त्याच्या मनात होतं. पण मी ते घेतलं असतं तर काय झालं असतं, हे मला पुढच्या भेटीत कळलं. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "तुम्ही लिथियमवर आहात. एलएसडीसारखं भास घडवणारं रसायन नाहीतर मशरूम, आणि लिथियम एकत्र आलं की फिट येऊ शकते." ज्यांनी ज्यांनी असं केलं त्यांनी लिहून ठेवलेल्या अनुभवांचा एक अभ्यास नंतर मी वाचला. त्यात जवळपास निम्म्यांना झटके आले होते. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याला माहिती पुरवणाऱ्यांनाही नसावं. म्हणून हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, लिथियम चालू असताना हे करू नका आणि त्यासाठी लिथियम स्वतःच्या मनानं बंदही करू नका.

केटामिन सुरू करायच्या आधी महिनाभर मी वाचत होतो. इतके दिवस वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं, पण याचं वाचन जमलं. एकच गोष्ट शोधत होतो. यातल्या कुठल्या औषधात अवघड वेळ आली, तर ती किती वेळ टिकते, आणि मधून बाहेर पडता येतं का?

मशरूममधलं सायलोसायबिन चार ते सहा तास चालतं. एलएसडी आठ ते बारा. एमडीएमए, म्हणजे ज्याला एक्स्टसी म्हणतात ते, चार तास, पुष्कळदा त्याहून जास्त. दक्षिण अमेरिकेतल्या अयाहुआस्का या काढ्यात उलट्या धरूनच चालायचं, आणि त्यातली एक वनस्पती नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकते. आयबोगेनचा अंमल दिवसभराहून जास्त राहतो आणि तो हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतो. यातलं काहीही एकदा पोटात गेलं की तेवढे तास काढावेच लागतात. केटामिन शिरेतून, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत हळूहळू सोडतात. पंप बंद केला की काही मिनिटांत माणूस परतायला लागतो. भाचा ज्याला उथळपणा म्हणत होता, त्यातच मला आधार दिसला.

रसायनाचा माणूस म्हणून आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट मी वर्गात पूर्वीही सांगायचो. १९३८ साली त्यानं बाझलमध्ये एलएसडी तयार केलं, पण त्याचा परिणाम कळायला १९४३ उजाडलं. १९ एप्रिलला त्यानं स्वतःवर प्रयोग केला, २५० मायक्रोग्रॅम. फारच थोडं घेतोय असं त्याला वाटत होतं. युद्धाचे दिवस, गाडी नाही, म्हणून सहायकाला बरोबर घेऊन सायकलनं घरी निघाला. आज लोक त्या सायकलचा सण करतात. घरी पोचल्यावर काय झालं ते मात्र कमी सांगितलं जातं. खोली फिरत होती, शेजारची बाई त्याला चेटकीण दिसत होती, आपण मरतोय किंवा कायमचे वेडे होणार असं त्याला वाटत होतं. उतारा म्हणून त्यानं दूध मागितलं. तीच शेजारीण दूध घेऊन आली, आणि तो दोन लिटरहून जास्त प्याला. डॉक्टर आले, तपासलं, विस्फारलेल्या बाहुल्यांपलीकडं काही सापडलं नाही. मग भीती ओसरत गेली. यातलं मला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, तर बरोबर सहायक होता, दूध आणणारी शेजारीण होती आणि बोलावल्यावर येणारा डॉक्टर होता. गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना मला हटकून त्या शेजारणीची आठवण होते.

अभ्यासही वाचले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर सायलोसायबिन आणि एस्सिटॅलोप्रॅम यांची तुलना केली. एस्सिटॅलोप्रॅम म्हणजे माझी पहिली गोळी, त्यामुळं तो निबंध मी दोनदा वाचला. ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत नक्की म्हणता येईल असा फरक निघाला नाही. दुय्यम मोजमापं सायलोसायबिनच्या बाजूनं झुकली, पण तेवढ्यावर निकाल लावता येत नाही. २०२२ च्या मोठ्या चाचणीत २३३ रुग्ण होते, माझ्यासारखेच, दाद न देणारे. सायलोसायबिनच्या २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनं तीन आठवड्यांनी चांगला फरक दिसला, मात्र काहींच्या मनात जीव द्यायचे विचार आल्याची नोंदही त्याच निबंधात आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत. पहिलं वाक्य सांगणारे खूप भेटतात.

अवघड अनुभवांबद्दल भाच्यानं मला एक आकडा तोंडावर फेकला होता, "८४ टक्के लोक म्हणतात, वाईट ट्रिपचाही फायदा झाला." आकडा खरा आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ लोकांना त्यांच्या मशरूमच्या सर्वांत कठीण अनुभवाबद्दल विचारलं होतं, आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण त्याच लोकांपैकी ३९ टक्क्यांनी तो प्रसंग आयुष्यातल्या पाच सर्वांत कठीण प्रसंगांत धरला, आणि ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला शारीरिक धोक्यात घातलं होतं. आणि ही इंटरनेटवर आपणहोऊन उत्तरं देणारी माणसं. ज्याचं पार बिघडलं तो प्रश्नावली भरायला बसेल, असं मला वाटत नाही.

गावी एक चुलते म्हणाले, कशाला हे सगळं, धोतऱ्याच्या बिया असतात की. ते मी तिथंच थांबवलं. महादेवाला वाहतात तो धोतरा या रांगेतला नाहीच. त्यातलं अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन माणसाला भ्रमात टाकतं, घसा कोरडा पडतो, ताप चढतो, हृदय धावतं, शुद्धीवर आल्यावर काही आठवत नाही आणि माणूस दगावूही शकतो. त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. सायलोसायबिन, एलएसडी आणि एमडीएमए तिन्ही १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या यादीत आहेत. एलएसडीचं व्यापारी प्रमाण, म्हणजे ज्याला मोठी शिक्षा होते ते, फक्त दशांश एक ग्रॅम. केटामिनवरही कडक बंधनं आहेत, पण ते डॉक्टरांच्या हातात आहे. घरात लग्नाची मुलगी असलेल्या शिक्षकाला एवढा फरक पुरेसा होता.

पहिलं सत्र डिसेंबरात झालं. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं स्वतःची सोय नव्हती, म्हणून त्यांनी शहरातल्या एका ठिकाणी पाठवलं. नाव सांगत नाही. सहा तास उपाशी होतो. चार खाटांची खोली, भिंतीवर टीव्ही, त्यावर बातम्या. बायकोला बाहेर बसवलं. भूलतज्ज्ञांनी सुई लावली, पंप चालू केला, आणि ते शेजारच्या थिएटरमध्ये गेले. एक मुलगा थांबला होता, तोही थोड्या वेळानं मोबाइल घेऊन दारात गेला.

पहिली पाच मिनिटं काही नाही. मग ट्यूबलाइटची फडफड लांबत गेली. बातम्या देणारीचा आवाज शब्द सोडून नुसता चालू राहिला. माझा हात पांघरुणावर होता, पण तो माझा आहे हे पटेना. मग हात गेला, पाय गेले, छाती गेली. भीती वाटायला तरी कुणी उरावं लागतं. तिथं भीती होती आणि कुणी नव्हतं. एकच विचार तेवढा शिल्लक होता, की मी मेलोय आणि या खोलीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हाक मारायची होती, पण जीभ कुठं असते ते आठवेना. हे किती वेळ चाललं, सांगता येत नाही. मला ते पुराच्या त्या दोन रात्रींहून लांब वाटलं. बाहेर आलो तेव्हा रक्तदाब १७०/१०० होता आणि मी रडत होतो. तो मुलगा म्हणाला, "होतंय असं काका, गुंगी असती."

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला मला जाग आली नाही. सहाला आली. खिडकीतून शेजारच्यांच्या तुळशीजवळचा दिवा दिसला आणि तो दिवा आहे एवढंच कळलं, त्यावर मनाची काही सावली पडली नाही. चार वर्षांत अशी सकाळ आली नव्हती. दोन दिवस टिकली. अनुभव इतका भयंकर आणि सकाळ अशी, हे मला जुळवता येईना. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की केटामिन मेंदूतल्या ग्लुटामेटच्या व्यवस्थेवर, एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर काम करतं. त्यातून पेशींचे नवे जोड तयार व्हायला मदत होते असं मानतात, आणि तो गुण काही तासांत दिसू लागतो. सत्र सुखाचं गेलं की दुःखाचं, यावर तो सगळा अवलंबून नसतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली फक्त सात रुग्णांवर पहिल्यांदा हे नीट पाहिलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तरी मी म्हटलं, पुन्हा नाही. बायकोही म्हणाली, "नगंच ते. मी तुम्हाला असं कधी बघितलं नव्हतं." त्याच आठवड्यात तिनं बातमी वाचली की ऑक्टोबरात गेलेल्या मॅथ्यू पेरी या अमेरिकन नटाच्या मृत्यूचं मुख्य कारण केटामिन होतं. मोबाइल तिनं माझ्यासमोर ठेवला आणि काही बोलली नाही.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना एक तास दिला. ती बातमी त्यांनी टाळली नाही. उपचाराव्यतिरिक्त भरमसाट केटामिन, आणि पाण्यात एकटा माणूस, असं ते होतं, म्हणाले. म्हणून हे औषध घरी कधीच नाही, ही अट त्यांची आधीपासूनच होती. मग माझ्या सत्राबद्दल विचारत गेले. खोली कशी होती, कोण होतं, आवाज कसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मी तुम्हाला तयार न करता पाठवलं. ही चूक माझी आहे." असं म्हणणारा डॉक्टर मला याआधी भेटला नव्हता. माझं मन तिथं वळलं.

दुसऱ्या वेळी जागा वेगळी होती, आणि डॉक्टर स्वतः हजर राहणार होते. एका बाजूची छोटी खोली, पडदा ओढलेला, टीव्ही नाही. डोळ्यांवर पट्टी. गाणं कुठलं लावायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. अभंग मी नको म्हटलं, कारण शब्द आले की मी शब्दांना धरणार. शेवटी नुसता तानपुरा. भूलतज्ज्ञ खोलीतच, यंत्रावर नजर ठेवून. आणि एक सिस्टर, पन्नाशीच्या, गडहिंग्लजकडच्या बोलीच्या, खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताशी बसल्या. बायकोनं विचारलं, "मी बसलो तर चालंल?" डॉक्टर म्हणाले, बसाच.

औषध तेच, मात्रा तीच. माझं वजन ६८ किलो, म्हणजे ३४ मिलिग्रॅम, दोन्हीकडं. परदेशात या गोष्टीला माणसाच्या मनाची तयारी आणि भोवतालची जागा असं धरतात आणि निम्मं काम तिच्यावर सोडतात. मी ते वाचलं होतं. पण दोन खोल्यांमधला फरक वाचून कळत नाही.

दुसरं आणि तिसरं सत्र शांत गेलं. एकदा लहानपणीचं गुऱ्हाळ दिसलं. काहिलीत रस उकळतोय, मळी वर येतेय, गुळव्या झाऱ्यानं ती काढतोय, आणि मी रस आहे की बघणारा, हे ठरवायची गरज नव्हती. अशा गोष्टी सांगायला गेलं की हलक्या होतात. पुढं जातो.

चौथ्या सत्रात पाणी आलं. पुन्हा शरीर गेलं, पण या वेळी रिकाम्या जागी पाणी भरत गेलं, मातकट, थंड, डिझेलचा वास असलेलं. मी बोटीत नव्हतो. गोठ्यातही नव्हतो. मी दावं होतो. भिजून फुगलेलं, पिळलेलं, एका टोकाला गळा आणि दुसऱ्या टोकाला खुंटी, आणि दोन्हीकडून ओढ. मला सुटायचं होतं आणि गाठ माझीच होती. पहिल्या वेळेहून हे जास्त कठीण होतं, कारण पहिल्या वेळी मी कुणीच नव्हतो आणि इथं मी नेमका ती वस्तू होतो.

तेवढ्यात मनगटावर एक बोट आहे असं कळलं. मग आवाज आला. "सर, अठरा मिन्टं झाली. बावीस ऱ्हायली. मी हितंच हाय." त्या बाईंनी मला शांत व्हा म्हटलं नाही. काही होत नाही, घाबरू नका, यातलं काही म्हटलं नाही. थोड्या वेळानं, "सर, पंचवीस झाली. पंधरा ऱ्हायली." पुन्हा, "दहा." त्या पाण्यात मला दिशा नव्हती, पण काठ आहे आणि तो किती लांब आहे, हे कुणीतरी सांगत होतं. मी दाव्यासारखाच राहिलो, पण थांबून राहिलो. "पाच." मग तानपुरा परत ऐकू आला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मी म्हटलं असतं तर पंप बंद केला असता. बोलता येत नसलं तरी ठरलेली खूण होती, डावी मूठ दोनदा. मी ती केली नाही. ती करता येते हे माहीत होतं म्हणून केली नाही, असं मला वाटतं. सिस्टरनी रक्तदाबाच्या कागदाच्या मागं लिहून ठेवलं होतं: 'दावं सोडा. अकरा वेळा.'

त्या संध्याकाळी गाडी चालवायची नसते, म्हणून मेहुणा सोडायला आला. घरी बायको म्हणाली, "आण्णांनी तुमच्यावर कधी राग धरला न्हाई. पण म्हशींचं नाव निघालं की जेवताना उठायचे." हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी घरातच असायचो.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं त्याचं सांगितलं. कोडाईत त्यानं स्वतः दोनदा घेतलं होतं. पहिल्यांदा डोंगर, आकाश, सगळं सुंदर. दुसऱ्यांदा सहा तास भीती. बरोबरचे तिघे त्याच अंमलात, एक जण हसतोय, एक जेवण आणायला गेला तो आलाच नाही. "मामा, माझ्यावर सगळं चालून आलं," तो म्हणाला. "आईची भांडणं, शाळेतलं, सगळं मोठं होऊन." तीन महिने त्याला लिफ्टमध्ये जाता येत नव्हतं. घरी कुणाला बोलला नाही, कारण मशरूम चांगलं असं तोच सगळ्यांना सांगत आला होता. आता तो आमच्याच डॉक्टरांकडं येतो, महिन्यातून एकदा, एसटीनं.

तेव्हा मला उमगलं की मी केलेली तुलना अपुरी होती. तास मोजले होते, भीतीची जात पाहिली नव्हती. त्याच्यावर सगळं चालून आलं. माझ्यातून सगळं निघून गेलं. एमडीएमएबद्दल उपचार घेतलेले लोक लिहितात ते आणखी वेगळं आहे. त्यात आठवण तीच असते, पण तिच्याजवळ बसता येतं. पुराच्या दिवसाजवळ मला तसं बसायचं होतं, त्यामुळं माझ्यासाठी तेच औषध जवळचं ठरलं असतं असं मनापासून वाटतं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, मानसोपचाराच्या जोडीनं ते घेतलेल्या ६७ टक्के लोकांत आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची (पीटीएसडी) लक्षणं निदानाच्या खाली आली, नुसत्या मानसोपचारात ३२ टक्के. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना ते देता येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली. वाचून वाईट वाटलं, तरी चाचणी मागितली हे योग्यच झालं. आपल्याकडं हे प्रयोग बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत रीतसर, मराठी-कन्नड बोलणाऱ्या माणसांवर, शेजारी बसणाऱ्या सिस्टरसकट व्हावेत, असं मला फार वाटतं. नाहीतर हे कोडाईच्या पिशवीतूनच येत राहणार.

सहा सत्रं झाली. नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीत २७ पैकी २१ गुण होते, ते ९ वर आले. महिन्यानं पुन्हा १४. केटामिनचा गुण असाच उतरतो, आठवड्यांत, आणि हे आधी स्पष्ट सांगणारा डॉक्टर असेल तर माणूस त्या उताराला घाबरत नाही. आता दीड-दोन महिन्यांतून एक सत्र असतं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून लघवीची तपासणी ठरलेली. विमा कंपनीनं हात वर केले, खर्च आमचा. लिथियम चालूच आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. फळ्यासमोर आता हात थांबत नाही. काही दिवस अजून वाईट जातात.

मार्चमध्ये एका रविवारी चिखलीला गेलो. चुलतभाऊ वैरण टाकत होता. जुन्या गोठ्याच्या जागी आता सिमेंटचा कट्टा आहे. चहा झाला, उसाचं बोलणं झालं, कारखान्याचं बिल अजून आलं नाही हे झालं. मग मी विचारलं, "त्या साली म्हशींचं काय झालं होतं रं?"

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. "तुला म्हाईत न्हाई? आम्ही समजत होतो, आण्णांनी सांगितलं आसंल." तो थांबला. "पलीकडच्या पोरांनी रात्री पोहत जाऊन दोघींना सोडलं. सोनतळीच्या बाजूला घावल्या दोन दिवसांनी. ऱ्हायलेल्या दोघी दाव्यालाच होत्या."

"कुठल्या दोघी?" मी विचारलं.

त्यानं नावं सांगितली.